तांबे, प्लास्टिक आणि भिंतीतला सांधा

गेल्या वर्षी चातुर्मासापूर्वीचे दोन महिने अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यात, मुलीच्या घरी काढण्याचा योग आला. घर १९६० च्या दशकातले, लाकडी सांगाड्याचे, भिंतींना आतून जिप्समचे तक्ते मारलेले. आम्ही पोहोचल्यावर दुसऱ्याच आठवड्यात जेवणघराच्या छतावर चहाच्या डागासारखे एक वर्तुळ उमटले आणि तीन दिवसांत ते ताटाएवढे झाले. प्लंबरने तक्ता कापून आतली तांब्याची नळी दाखविली. तिच्यावर हिरवट थर चढला होता आणि त्याच्या मधोमध सुईच्या टोकाएवढे छिद्र होते. चार वर्षांतले हे तिसरे छिद्र, असे मुलीने तेव्हा सांगितले.

प्लंबरने दोन अंदाजपत्रके दिली: साऱ्या घराची नळजोडणी पुन्हा तांब्यात, किंवा ‘पेक्स’ नावाच्या लवचीक प्लास्टिकच्या नळीत. दोहोंत जवळजवळ दुपटीचे अंतर होते. जावईबापू म्हणाले, “मामा, तुमची हयात पाईप विकण्यात गेली. तुम्हीच सांगा.”

माझे मन अर्थातच तांब्याकडे झुकले. ज्यांचे बालपण न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबाशेजारी गेले, त्यांना याचे कारण सांगावे लागणार नाही. शिवाय आपण व्यापारी माणसे. ज्या वस्तूची मोड येते तीच वस्तू खरी, असे आपल्या हाडीमासी भिनलेले असते. २००१ च्या अखेरीस लंडनच्या बाजारात टनाला दीड हजार डॉलरांच्याही खाली असलेले तांबे फेब्रुवारी २०११ मध्ये दहा हजारांवर गेले, हे ज्याने दुकानात बसून पाहिले आहे तो प्लास्टिकला सहजासहजी मान देणार नाही. पण घरातली नळी मोडीत घालण्यासाठी कोणी बसवीत नाही, हेही मला मनाशी कबूल करावे लागले.

तांबे पाण्याने खराब होत नाही, हा समज तर आपल्या स्वयंपाकघरातच खोटा ठरतो. ताक किंवा चिंचेचे सार कोणी बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात ठेवीत नाही. पाणी किंचित आम्लधर्मी असेल तर नळीतही तेच घडते, फक्त सावकाश. पाण्याचा वेग जास्त असेल, जोडकाम करताना वापरलेला फ्लक्स आत राहून गेला असेल, तर एकेका ठिकाणी आतून खड्डा पडत जातो आणि एके दिवशी तो आरपार होतो. बाहेरून नळी नवीकोरी दिसते. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १.३ मिलिग्रॅमहून अधिक तांबे आढळले, तर उपाय योजावे लागतात.

त्याहून अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट सांध्यांची. तांब्याच्या नळ्या डाक देऊन जोडतात. अमेरिकेत पिण्याच्या पाण्याच्या नळांना शिसेयुक्त डाक वापरण्यास बंदी झाली ती १९८६ मध्ये. त्यापूर्वी अर्धे कथील आणि अर्धे शिसे असा डाक सर्रास चाले. म्हणजे ज्या नळीला मी शुद्ध धातू म्हणून मान देत होतो, तिच्या प्रत्येक कोपऱ्यावर शिसे बसलेले असण्याचाच संभव अधिक होता. मुलीकडे नळाला गाळणे बांधण्याची आपली रीत अजून आहे. पण गाळणे जंतू अडविते, विरघळलेले शिसे अडवीत नाही. घरात सहा वर्षांची नात आहे. हे कळल्यावर माझा तांब्याचा आग्रह निम्मा ओसरला.

आता पेक्सविषयी. साध्या पॉलिइथिलीनचे रेणू सुट्या दोऱ्यांसारखे असतात. उष्णता लागली की एकमेकांवरून घसरतात. ते दोरे आडव्या टाक्यांनी एकमेकांत गुंफले की वस्त्र तयार व्हावे तसे होते, आणि मग नळी गरम पाण्यातही आपला आकार सोडीत नाही. थॉमस एंगेल या जर्मन संशोधकाने १९६८ मध्ये पेरॉक्साइड वापरून अशी नळी तयार करण्याची रीत शोधली. युरोपात ती आधी रुळली, अमेरिकेत १९८० च्या दशकात जमिनीखालून ऊब देण्यासाठी आली आणि पुढे पिण्याच्या पाण्यासाठीही वापरली जाऊ लागली. २३ अंश सेल्सिअसला १६० पौंड दाब आणि ८२ अंशांना १०० पौंड दाब सोसण्याची तिची प्रमाणित क्षमता आहे. घरगुती दाब साधारणतः याच्या निम्म्याच्या आसपास असतो.

तिचा खरा गुण मात्र निराळा आहे. तांब्याच्या नळीला प्रत्येक वळणावर कोपरा लागतो आणि प्रत्येक कोपऱ्याला दोन सांधे. पेक्सची नळी आपल्या बाहेरील व्यासाच्या साधारण आठपट त्रिज्येत स्वतःच वळते. तळघरात एक वाटपपेटी बसवून तिथून प्रत्येक नळाला स्वतंत्र, अखंड नळी नेली, तर एक सांधा पेटीपाशी आणि एक नळापाशी. भिंतीच्या आत एकही नाही. शिवाय पाऊण इंची तांब्याच्या नळीत मीटरमागे सुमारे ३०० मिलिलिटर पाणी मावते, अर्ध्या इंची पेक्समध्ये १२० च्या आसपास. गरम पाणी येईपर्यंत रोज सकाळी जे थंड पाणी आपण मोरीत सोडून देतो, ते वीस मीटर अंतर असेल तर सहा लिटरांवरून अडीच लिटरांपर्यंत उतरते. पाणी तुपासारखे वापरावे, हे ऐकत वाढलेल्या माणसाला हा हिशेब पटायला वेळ लागत नाही.

थंडीचाही विचार होता. मुलीचे कुटुंब डिसेंबरात तीन-चार आठवडे भारतात येते. बंद घरात पाणी गोठले तर तांब्याची नळी उभी चिरते आणि बर्फ वितळल्यावर घरभर पाणी होते. पेक्स बहुधा फुगून पुन्हा पूर्वस्थितीत येते. पण तिचे जोड फुगत नाहीत. तेव्हा घर बंद करताना मुख्य झडप मिटवून नळ्या रिकाम्या करणे कोणत्याही नळीला चुकत नाही.

जावईबापूंनी विचारले, “मामा, प्लास्टिक एकदा फसले होते ना इकडे?” होते. १९७८ पासून १९९५ पर्यंत पॉलिब्युटिलीनची करडी नळी तिथल्या असंख्य घरांत गेली. पाण्यातल्या क्लोरीनने ती आणि तिचे प्लास्टिकचे जोड ठिसूळ झाले, आणि १९९५ मध्ये न्यायालयात ९५ कोटी डॉलरांची तडजोड करावी लागली. पुढे पेक्सच्याही वाट्याला एक प्रकरण आले, पण त्यात दोष नळीचा नव्हता. काही पितळी जोडांत जस्ताचे प्रमाण अधिक होते. पाण्याने जस्त हळूहळू काढून नेले आणि मागे भुसभुशीत, सच्छिद्र तांबे उरले. आपल्यापैकी भांड्यांच्या व्यापारातील मंडळींना हलके पितळ म्हणजे काय हे सांगायला नको.

इथे मला माझ्याच दुकानातली एक गोष्ट आठवते, आणि ती आठवली की आजही मान खाली जाते. बऱ्याच वर्षांपूर्वी वजनाला हलके पितळी जोड स्वस्त मिळाले म्हणून मी पेटीभर ठेवले. एका ओळखीच्या गिऱ्हाइकाच्या नव्या बंगल्यात ते भिंतीत गेले. तीन वर्षांत न्हाणीघराची फरशी उखडावी लागली. जोडाची किंमत चहाच्या दोन कपांएवढी होती. मी जोडांचे पैसे परत केले. फरशीचे केले नाहीत, कारण पावतीत फक्त जोड होते. ते गृहस्थ पुन्हा दुकानाची पायरी चढले नाहीत. तेव्हा मला वाटले होते की मी हिशेबाने वागलो.

म्हणून न्यू जर्सीत मी प्लंबरला नळीविषयी कमी आणि जोडांविषयी अधिक विचारले. पितळ जस्त न सोडणारे आहे का? तांब्याची कडी दाबून बसविल्यावर ती नीट बसली की नाही हे पाहण्याचे माप असते. ते प्रत्येक कडीला लावणार का? तक्ते बंद करण्यापूर्वी दाब देऊन नळ्या तपासणार का? तो हसला आणि खिशातून माप काढून दाखविले. तेवढ्याने माझे समाधान झाले.

बाकीच्या काही अटी थोडक्यात सांगतो. गीझरपासून पहिले अठरा इंच धातूचीच नळी हवी. ऊन या नळीचे वैरी आहे. गच्चीवर किंवा बाहेरच्या भिंतीवर ती उघडी टाकू नये. उष्णतेने ती तांब्याच्या सुमारे दसपट लांबते: दहा मीटर नळीत चाळीस अंश फरक पडला तर सहा सेंटीमीटर. म्हणून ती ताणून न बसविता थोडी ढिली ठेवावी लागते. जुन्या घरांत विजेचे अर्थिंग पुष्कळदा तांब्याच्या नळीलाच बांधलेले असते. नळी काढली की अर्थिंगही जाते, तेव्हा आधी इलेक्ट्रिशियनला बोलवावे. या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाले तर जिवावर बेतू शकते. उंदीर ही नळी कुरतडतात. त्यांना मारण्याचा प्रश्न आपल्याकडे नाही. नळ्या शिरतात ती भोके जाळीने आणि सिमेंटने बुजविणे हाच मार्ग. आरंभी पाण्याला प्लास्टिकचा किंचित वास येतो, तो वापराने कमी होतो. तोवर सकाळचे पहिले पाणी झाडांना घालावे.

आपल्याकडे घरात तांब्याची नळजोडणी कधी फारशी नव्हतीच. लोखंडी जस्तलेपी पाईप होते, त्यांची जागा सीपीव्हीसीने घेतली. तिथे नळी ताठ असते आणि सांधे सिमेंट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या द्रवाने चिकटवितात. म्हणजे कोपरे पुन्हा विटांच्या भिंतीत, टाइल्सच्या मागे. घर बांधणाऱ्या वाचकांना माझे एवढेच सांगणे आहे की टाइल्स बसण्यापूर्वी दाबाची चाचणी स्वतः उभे राहून करवून घ्या, आणि भिंतीतल्या नळ्यांची छायाचित्रे काढून घराच्या कागदपत्रांसोबत ठेवा. सौर बंबाच्या गरम नळीला मात्र कोणतेही प्लास्टिक लावण्यापूर्वी उत्पादकाची तापमानाची मर्यादा पाहावी. उन्हाळ्यात घर बंद असताना तिथले पाणी भलतेच तापते.

मुलीच्या घरचे काम पाच दिवसांत झाले. काढलेले तांबे जावईबापूंनी भंगारवाल्याला दिले, तेव्हा मोड किती आली हे मी आवर्जून विचारले. छिद्र असलेला वीतभर तुकडा मात्र मी मागून घेतला. तो आता सांगलीच्या दुकानात गल्ल्याशेजारी आहे. स्वस्त जोड मागणाऱ्या गिऱ्हाइकाला मी आधी तो दिव्यासमोर धरून आरपार पाहायला सांगतो.