धांवणाऱ्याची शिदोरी

मागील अंकीं आम्हीं चातुर्मासांतील जेवणाखाण्याविषयीं चार शब्द लिहिले होते. या खेपेचा विषय त्याच्याच शेजारचा आहे; परंतु तो सुचला पोथीवरून नव्हे, घरांत घडलेल्या एका प्रसंगावरून. त्या प्रसंगांत आमचा स्वतःचा दोष आहे, तेव्हां तो प्रथम सांगून टाकणें बरें.

आमचा धाकटा पुतण्या येत्या जानेवारींत मुंबईच्या मॅरेथॉन शर्यतींत ४२ किलोमीटर धांवणार आहे. त्या तयारीसाठीं तो दर रविवारीं पहाटे खडकवासल्याच्या रस्त्यानें लांबची धांव घेतो. आश्विनांतल्या एका शनिवारीं एकादशी आली. त्यानें तो दिवस दूध आणि दोन केळीं यांवर काढला आणि रविवारीं पारणें न करितांच, बिनसाखरेचा चहा घेऊन, तीस किलोमीटरांच्या बेतानें तो बाहेर पडला. साडेनऊच्या सुमारास दाराशीं रिक्षा थांबली. दोघांनीं धरून त्यास आंत आणिलें. चेहरा पांढराफटक, ओंठ कोरडे, हातापायांस कंप आणि विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर भलतेंच! वहिनींनीं त्याला चमचा-चमचा गूळपाणी पाजलें, शेजारच्या डॉक्टरांना बोलाविलें. तासाभरानें तो नीट बोलूं लागला. आम्हीं विचारिलें, "अरे, वाटेंत इतकीं दुकानें, इतके नळ; घोटभर पाणी प्यावयास काय झालें होतें?" तो म्हणाला, "काका, धांवतांना पाणी पिऊं नये, हें तुम्हींच लहानपणीं शिकविलें ना?"

यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. ज्या शाळेंत आम्हीं आयुष्य घालविलें, तेथें संस्कृत शिकविण्याबरोबर मुलांच्या मैदानी खेळांवर देखरेख करण्याचें कामहि आमच्याकडे होतें. टेकडीपर्यंतची धांव संपेपर्यंत कोणीं पाण्यास तोंड लावावयाचें नाहीं, असा आमचा दंडक होता. पोटांत कळ येते, दम लागतो, मन दुबळें होतें, अशीं कारणें आम्ही देत असूं. एका चैत्रांत एक मुलगा वाटेंतच कोसळला. तो वांचला, पण आम्हीं दोष दिला तो त्याच्या अशक्तपणास. नवल असें कीं, चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील सातव्या अध्यायाचें नांव 'नवेगान्धारणीय' असें आहे. शरीराचे जे वेग रोखूं नयेत त्यांचा तो अध्याय. आणि त्या वेगांत तहानेची गणना स्पष्ट केलेली आहे. त्या शब्दाची फोड आम्ही सकाळीं फळ्यावर करून दाखवीत असूं आणि संध्याकाळीं मैदानावर मुलांची तहान रोखीत असूं!

हा भ्रम एकट्या आमचा नव्हता. १९०४ सालीं अमेरिकेंत सेंट लुई येथें ऑलिंपिक सामने झाले. तेथील मॅरेथॉनच्या व्यवस्थापकांना, शरीर पाण्यावांचून किती तग धरतें हें पाहावयाचें होतें. म्हणून वाटेवर पाण्याची सोय अगदीं मोजक्या जागीं ठेविली होती. उन्हांत आणि धुळींत ३२ जण निघाले, १४ पोहोंचले. विजयी ठरलेला थॉमस हिक्स वाटेंत पाणी मागत होता. सोबत्यांनीं त्याचें तोंड ओल्या स्पंजानें पुसलें आणि पोटांत दिलें तें अंड्यांतील पांढरें, ब्रँडी आणि स्ट्रिक्नीन, म्हणजे कुचल्याच्या बियांतील विष. पुढें १९२४ सालीं बोस्टन येथील डॉक्टरांनीं शर्यत संपविलेल्या धांवपटूंचें रक्त तपासलें. जे अगदीं गळून गेले होते, त्यांच्या रक्तांतील साखर फार उतरलेली आढळली. पुढच्या वर्षीं त्याच डॉक्टरांनीं धांवपटूंस शर्यतीपूर्वीं पिष्टमय आहार आणि वाटेंत गोड गोळ्या दिल्या, तेव्हां त्यांची स्थिति पुष्कळ सुधारलेली दिसली. शंभर वर्षांपूर्वीं छापून निघालेली ही गोष्ट आमच्या मैदानापर्यंत पोहोंचलीच नव्हती.

आतां यामागील कारण पाहूं. आपण जें अन्न खातों त्यांतील साखरेचा कांहीं भाग शरीर ग्लायकोजनच्या रूपानें स्नायूंत व यकृतांत सांठवून ठेवतें. हा सांठा सामान्यतः ४०० ते ५०० ग्रॅम असतो. त्यापासून १,६०० ते २,००० कॅलरी मिळतात. धांवण्यास शरीराच्या दर किलो वजनामागें दर किलोमीटरास सुमारें एक कॅलरी खर्च होते. आमचा पुतण्या ६० किलोंचा. म्हणजे ४२ किलोमीटरांस त्याला सुमारें २,५०० कॅलरी हव्यात. अंगांत चरबी पुष्कळ असते व तीहि जळत असते, परंतु तिची आंच मंद. चुलींतील ओंडका पुष्कळ वेळ पुरतो, पण काटक्यांची धग असल्यावांचून तो नीट पेटत नाहीं. चरबी हा ओंडका, साखर ह्या काटक्या. काटक्या संपल्या कीं पाय शिशाचे होतात, डोकें भ्रमतें. धांवणारे लोक यास 'भिंत' म्हणतात. मेंदूला साखर पुरविण्याचें काम मुख्यतः यकृताचें, आणि त्याचा सांठा एका रात्रीच्या उपाशीपणानेंहि बराच उतरतो. मग एकादशीचा दिवस आणि वर एक रात्र, अशा स्थितींत चोवीस किलोमीटरांवर भिंत आडवी आली, यांत नवल तें काय?

म्हणून पहिला नियम असा. धांव तासाभराची असेल तर निराळें कांहीं खाण्याची गरज नाहीं. तहान लागल्यास पाणी प्यावें, इतकें पुरे. त्यापुढें जावयाचें असेल, तर दर तासास ३० ते ६० ग्रॅम साखर अगर पिष्ट पोटांत गेलें पाहिजे आणि तें पहिल्या अर्ध्या तासापासूनच थोडें थोडें घेतलें पाहिजे. गळून गेल्यावर खाल्लेलें उशिरा कामास येतें. अडीच-तीन तासांहून अधिक धांवणारे, संवय करून, तासास ९० ग्रॅमपर्यंतहि घेतात. परंतु त्यासाठीं दोन जातींच्या साखरा लागतात, कारण आंतड्यांत ग्लूकोजचें दार निराळें आणि फ्रुक्टोजचें निराळें. एकाच दारावर गर्दी केली, तर उरलेली साखर पोटांत खळबळ करते. आपल्या घरांतील साखर, गूळ आणि खजूर यांत हे दोन्ही प्रकार आधींच एकत्र असतात.

एका मध्यम केळ्यांत सुमारें २५ ग्रॅम आणि तीन-चार लहान खजुरांत सुमारें २० ग्रॅम साखर मिळते. डिंकाचा लाडू किंवा शेंगदाण्याची चिक्की पौष्टिक खरी. परंतु तूप व दाणे पचण्यास जड, त्यांचें स्थान घरीं परतल्यावर. आदल्या रात्रीं भात-पोळी पोटभर असावी, मात्र उसळी बेतानें. निघण्यापूर्वीं दीड-दोन तास मऊ भात, पोहे किंवा केळें घ्यावें. धांवतांना खाण्याची पोटाला संवय लागते. पण ती हळूहळू, रविवारमागून रविवार. शर्यतीच्या दिवशीं नवा पदार्थ तोंडांत घालूं नये.

एकादशीविषयीं वाचकभगिनी विचारतील, म्हणून सांगतों. व्रत मोडा, असें आम्ही म्हणत नाहीं. लांबची धांव एक दिवस पुढें ढकलावी आणि पारणें करून निघावें. तें शक्य नसेल, तर रताळें, राजगिरा, केळें आणि खजूर हे उपवासाचे पदार्थच धांवण्याचेहि उत्तम पदार्थ आहेत. निर्जळी उपवास करून मात्र कोणींहि धांवूं नये.

येथपर्यंत सर्व ठीक. परंतु एक दोष झांकण्याच्या भरांत आमच्या घरांत दुसरा दोष घडला. पुढच्या रविवारीं प्रत्येकानें त्याला बजाविलें, "पाणी पी, भरपूर पी!" त्यानें शब्द पाळला, दर किलोमीटरास थांबून पाणी प्याला. परतला तो डोकें धरून; मळमळ होत होती, बोटें सुजून अंगठी घट्ट झाली होती. त्याची पत्नी, आमच्या सूनबाई, शाळेंत विज्ञान शिकवितात. त्यांनीं त्यास निघण्यापूर्वीं वजनकांट्यावर उभें केलें होतें. परतल्यावर पुन्हां केलें. दोन तास धांवून आलेल्या माणसाचें वजन ७०० ग्रॅमनीं वाढलें होतें! सूनबाईंनीं पाणी तत्काळ बंद केलें आणि डॉक्टरांकडे नेलें. सुदैवानें प्रकरण तेवढ्यावरच निभावलें.

हा धोका खरा आहे. पाणी अतोनात प्यालें कीं रक्तांतील सोडियम, म्हणजे मिठाचा मुख्य अंश, पातळ होतो. पाणी पेशींत शिरतें आणि मेंदूस सूज येते. २००२ सालीं बोस्टनच्या शर्यतींत ४८८ धांवपटूंचें रक्त तपासलें, तेव्हां शेंकडा १३ जणांचें सोडियम उणें आढळलें, आणि ज्यांचें वजन वाढलें होतें त्यांत तें विशेष दिसलें. त्याच शर्यतींत या कारणानें एक धांवपटू दगावली. बाजारांतील खेळाडूंच्या पेयांनींहि हा धोका टळत नाहीं, कारण रक्ताच्या मानानें त्यांत मीठ फारच थोडें असतें.

मग किती प्यावें? याचें एकच उत्तर सर्वांस देतां येत नाहीं, म्हणूनच कांटा हवा. धांवण्यापूर्वीं व धांवल्यानंतर घाम पुसून, शक्य तितक्या कमी कपड्यांत वजन करावें. एक किलो घटलें म्हणजे सुमारें एक लिटर पाणी गेलें. समजा, निघतांना ६० किलो, दोन तासांनीं ५९.१ किलो, आणि वाटेंत ७०० मिलिलिटर पाणी प्यालें. म्हणजे एकूण घाम १.६ लिटर, तासास ८०० मिलिलिटर. तेवढें सारें भरून काढण्याची जरूर नाहीं. वजन शेंकडा दोनांहून अधिक घटूं नये आणि मुळींच वाढूं नये, या दोन कांठांमधून आपली नदी वाहूं द्यावी. हा हिशेब पुण्याच्या थंडींत एक येईल, मुंबईच्या दमट हवेंत दुसरा; कारण तेथें घाम वाळत नाहीं आणि अंग निवत नाहीं. ज्यास मोजणें जमत नाहीं, त्यानें तहान लागली कीं प्यावें आणि भागली कीं थांबावें.

राहिलें मीठ. १९७१ सालीं बांगलादेशाच्या युद्धांत बनगांवच्या निर्वासित छावणींत पटकीची सांथ आली. सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ व ग्लूकोज घातलेलें पाणी रोग्यांस पाजून असंख्य जीव वांचविले. २०२३ सालीं त्यांस मरणोत्तर पद्मविभूषण मिळालें. त्या उपायाचें मर्म असें कीं, आंतड्यांत साखर आणि मीठ हातांत हात घालून आंत शिरतात आणि पाणी त्यांच्या मागोमाग जातें. धांवणाऱ्याच्या पेयाचें तत्त्व तेंच. एक लिटर पाण्यांत ६० ग्रॅम साखर वजन करून घालावी, सपाट पाव चमचा मीठ आणि एक लिंबू. कोकमाचें आगळ वापरावयाचें असेल, तर निराळें मीठ घालूं नये; आगळांत तें असतेंच. हें पेय अर्धा लिटर आणि एक केळें, एवढ्यांत एका तासाची शिदोरी होते. मात्र जुलाबाच्या रोग्यास हें पेय देऊं नये, यांत साखर अधिक आहे. त्याच्यासाठीं औषधाच्या दुकानांतील पुडीच आणावी. तसेंच मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार ज्यांस आहे, त्यांनीं आपल्या डॉक्टरांस विचारल्यावांचून यांतील कांहींहि करूं नये.

गेल्या रविवारीं पुतण्या ३२ किलोमीटर धांवून आला. कमरेच्या पट्ट्यांत खजूर व केळीं, हातांत सूनबाईंनीं भरून दिलेली बाटली. ती वाटेंत दोनदां भरून घेण्यासाठीं मीठ-साखरेच्या पुड्याहि दिल्या होत्या. वजन ९०० ग्रॅमनीं घटलें, चेहरा टवटवीत, आणि आल्या आल्या स्वयंपाकघराकडे धांव! वहिनींनीं दहीभाताचें ताट पुढें ठेविलें, तेव्हां कोठें त्यांच्या जिवांत जीव आला.

त्याच आठवड्यांत, कित्येक वर्षांपूर्वीं टेकडीच्या वाटेवर कोसळलेल्या त्या विद्यार्थ्याचा पत्ता मिळवून आम्हीं त्यास पत्र घातलें आणि झाल्या चुकीबद्दल क्षमा मागितली. तो आतां पन्नाशीचा गृहस्थ आहे. त्याचें उत्तर परवां आलें. तो लिहितो, "गुरुजी, मनाला लावून घेऊं नका. बाकीचीं सारीं मुलें वळणावरच्या ओढ्यावर चोरून पाणी पीत असत. आपली आज्ञा पाळणारा मी एकटाच होतों."

हें पत्र आम्हीं दोनदां वाचलें. त्याच्यासारखाच आमचा पुतण्याहि पडला तो आज्ञा मोडून नव्हे, पाळून. वडीलधाऱ्यांचा शब्द ज्या घरांत अजून पाळला जातो, त्या घरांतील वडिलांनीं तो एकदां पारखून मगच उच्चारावा, इतकेंच या महिन्यांत सांगावयाचें आहे.