मागे सरकण्याचा हिशेब



हाती आलेला वरचा क्रमांक स्वखुशीने दुसऱ्यास देऊन आपण मागच्या क्रमांकावर जावे, यास शहाणपण म्हणावे काय? अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलचे संघ दरवर्षी हा प्रश्न सोडवीत असतात. तेथील फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू हाती घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत मुसंडी मारण्याचा खेळ. तो आपल्या परिचयाचा नसला तरी त्यामागील हिशेब पेढीवर बसणाऱ्या कोणासही सहज उमगावा.

आपल्या आयपीएलमध्ये खेळाडूंचा लिलाव होतो. अधिक पैसे मोजील त्याला खेळाडू मिळतो. तेथे महाविद्यालयांतून येणाऱ्या नवोदितांसाठी बोली लागत नाही, पाळी लागते. या पद्धतीस ‘ड्राफ्ट’ म्हणतात. संघ ३२, फेऱ्या सात. आदल्या वर्षी जो सर्वांत दुबळा ठरला त्याची पाळी सर्वांत आधी. ही पाळी ही एक मालमत्ताच असते. ती दुसऱ्या संघास देऊन बदल्यात मागच्या दोन-तीन पाळ्या घेता येतात.

२०१२ सालचे उदाहरण घेऊ. सिएटल सीहॉक्स या संघाकडे बारावी पाळी होती. व्यवस्थापक जॉन श्नायडर आणि प्रशिक्षक पीट कॅरोल यांनी ती फिलाडेल्फियास दिली व मोबदल्यात पंधरावी, ११४ वी आणि १७२ वी अशा तीन पाळ्या घेतल्या. पाळ्यांचे मोल ठरविण्याचा एक कोष्टकवजा दरफलक १९९०च्या दशकाच्या आरंभी डॅलस संघाने तयार केला होता. त्यात बाराव्या पाळीस १२०० गुण, तर पंधराव्या पाळीस १०५० गुण. म्हणजे दीडशे गुण सोडले. पदरात पडलेल्या दोन जादा पाळ्यांचे गुण मिळून शंभरही भरत नव्हते. दरफलकाप्रमाणे हा घाट्याचा सौदा होता. दुसऱ्या फेरीत हा संघ पुन्हा ४३ वरून ४७ वर सरकला, आणि तेथे त्यास बॉबी वॅग्नर मिळाला. तो पुढे दशकभर त्या संघाच्या बचावफळीचा कणा ठरला.

दरफलकावर विसंबून का चालत नाही, याचे उत्तर केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनी दिले आहे. थेलर यांना २०१७ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. एकाच जागेसाठी लागोपाठ निवडल्या गेलेल्या दोन खेळाडूंपैकी आधी निवडलेला सरस निघण्याची शक्यता त्यांना सुमारे ५२ टक्के आढळली. नाणे उडवण्यापेक्षा फारसे अधिक नाही! तरीही पहिल्या पाळ्यांसाठी संघ भरमसाट मोल देतात, कारण प्रत्येकास आपल्या पारखीवर नको तितका भरवसा असतो. शिवाय २०११ च्या करारापासून नवोदितांचे वेतन पाळीच्या क्रमांकाशी बांधलेले असते. मागून घेतलेला खेळाडू चार वर्षे स्वस्तात मिळतो. आपले ज्ञान अपुरे व एकांगी असते, हे अनेकांताची शिकवण लाभलेल्या आपणास निराळे सांगावयास नको. ज्यास हे मान्य आहे तो एकाच हिऱ्यावर सारे भांडवल लावीत नाही. चार खडे घेतो आणि घासून पाहतो.

मात्र घासून पाहणे हाच यातील कठीण भाग आहे. सिएटलने त्याच वर्षी क्वार्टरबॅकच्या, म्हणजे संघाचा खेळ चालविणाऱ्याच्या, जागेसाठी मॅट फ्लिन या अनुभवी खेळाडूस एक कोटी डॉलरची हमी देऊन आणले होते. त्यानंतर तिसऱ्या फेरीत, ७५ व्या क्रमांकावर, रसेल विल्सन हा उंचीने कमी असलेला नवोदित घेतला. सराव शिबिरात विल्सन सरस ठरला आणि ऑगस्टअखेर जागा त्यालाच मिळाली. फ्लिनवर खर्च झालेला पैसा कॅरोल यांनी निर्णयाच्या आड येऊ दिला नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये सिएटलने अंतिम सामना ४३-८ असा जिंकला. त्या सामन्याचा मानकरी माल्कम स्मिथ २०११ च्या ड्राफ्टमधील सातव्या फेरीतला, २४२ व्या क्रमांकाचा खेळाडू होता!

या नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्या फिलाडेल्फियाने वर चढून बारावी पाळी घेतली, त्यांना फ्लेचर कॉक्स मिळाला. तो अनेक वर्षे त्यांचा आधारस्तंभ राहिला आणि २०१७ च्या हंगामात त्यांच्या विजेतेपदाचा भागीदार झाला. सिएटलनेच २०१७ साली २६ व्या पाळीवरून तीनदा मागे सरकत ३५ वी पाळी स्वीकारली. तेथे निवडलेला खेळाडू अपघातात जखमी झाला व त्या संघाकडून एकही सामना खेळू शकला नाही. ३० व्या क्रमांकावर पिट्सबर्गने घेतलेला टी. जे. वॉट मात्र पुढे साऱ्या लीगमधला सर्वोत्तम बचावपटू ठरला. मागे सरकल्याने संधींची संख्या वाढते. यशाची हमी मिळत नाही.

शिवाय या स्पर्धेची किंमत माणसेच मोजतात. शिबिरात ९० खेळाडू असतात, हंगामासाठी ५३ ठेवतात. उरलेल्यांतील काहींना सराव-पथकात जागा मिळते. बाकीचे तरुण सामान बांधून घरी जातात.

आपल्या पेढ्यांवर याचा विचार व्हावा असे मला वाटते. एकाच भारी पगाराच्या व्यवस्थापकावर किंवा घरातील एकाच ‘हुशार’ मुलावर सारा व्यवसाय सोपविण्यापूर्वी दोन-तीन जणांस खरी संधी द्यावी. त्यांत पुतण्या असेल, सून असेल, जुना गुमास्ताही असेल. मात्र गादी कोणाची हे मनात आधीच ठरले असेल, तर त्या मुलांना स्पर्धेत उतरविणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. कसोटी कोणती व निर्णय केव्हा, हे सर्वांस प्रारंभीच सांगावे. ज्यास गादी मिळणार नाही त्याच्यासाठी सन्मानाची दुसरी जागा, अथवा वेगळा व्यवसाय उभारण्यास भांडवल, यांची तजवीजही त्याच दिवशी करून ठेवावी. संघातून वगळलेला खेळाडू दुसऱ्या संघाचे दार ठोठावू शकतो. पेढीवर डावलला गेलेला भाऊ मात्र रात्री त्याच घरी जेवावयास येतो.

जय जिनेंद्र.