विगवाला मोझार्ट

मंडळी, स्पष्टच बोलतो. व्हिएन्नाला जाऊन 'मोझार्ट ऐकला' सांगणाऱ्या बऱ्याच जणांनी फक्त विग बघितलेले असतात.

तिथल्या मुख्य चर्चजवळ विग आणि लाल कोट घातलेली पोरं पर्यटकांना कॉन्सर्टची तिकिटं विकतात. मे महिन्यातल्या टूरवर मीही फसलो. गाजलेल्या रचनांचे नुसते तुकडे! सवाईला जाऊन फक्त ताना ऐकून उठावं, तसं.

दुसऱ्या दिवशी टूरला दांडी मारून सरकारी ऑपेराला, स्टाट्सओपरला गेलो. १८६९ साली उघडलेली वास्तू. व्हिएन्ना फिलहार्मोनिकचे वादक इथल्याच वाद्यवृंदातले. उभ्याचं तिकीट विगवाल्यांपेक्षा कितीतरी स्वस्त. पूर्वी तर कठड्याला रुमाल बांधला की जागा आपली व्हायची, अगदी एस्टीसारखं! शब्दांचं भाषांतर समोरच्या छोट्या पडद्यावर. पाय दुखले, पण शेवटपर्यंत हललो नाही.

"आपल्याला त्यातलं काय कळतंय?" हे ठरलेलं उत्तर. अहो, लहानपणी बाबांच्या कॅसेटवर भीमसेन ऐकताना मला तरी राग कुठे कळत होता? ऐकत राहिलो म्हणून कान तयार झाला.

हा ऑपेरा जुलै-ऑगस्टमध्ये बंद, आपल्या मेच्या सुट्टीत चालू. मग टूरमध्ये शॉपिंगला अख्खी संध्याकाळ आणि ह्याला शून्य, असं का? पैसे आपलेच आहेत. विचारा की!