मैदान निवडताना आधी माती बघा

मंडळी, मी गोल्फवर लिहितोय म्हटल्यावर घरात काहींना हसू येईल. माझ्या हातात काठी असते ती फक्त चालायला! पण जन्मभर भूगोल शिकवला, आणि हा विषय निम्मा तरी भूगोलाचाच आहे.

धाकटा भाऊ सैन्यातून निवृत्त झाला, गोल्फचा नाद तिथलाच. आता तो लेकाकडे एडिंबरोला निघालाय. पुतण्याने चार दिवसांची यादी पाठवली : सेंट अँड्र्यूज, कार्नूस्टी, म्युअरफील्ड, नॉर्थ बेरिक. चारही नावं जगप्रसिद्ध. पण चारही एकाच जातीची... लिंक्स!

लिंक्स म्हणजे समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधला वाळूच्या टेकाडांचा पट्टा. नांगराला निरुपयोगी, म्हणून मेंढ्या चरायच्या आणि माणसं खेळायची. १४५७ साली स्कॉटलंडच्या संसदेने या खेळावर बंदी घातली होती, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून इकडे रमत होते. (आमच्या वर्गातली मुलं आठवली!) वाळूतून पाणी झटकन निचरतं, गवत आखूड, जमीन टणक. चेंडू पडल्यावरही घरंगळत राहतो. झाडं जवळजवळ नाहीत, त्यामुळे वारा मोकाट. उंच टोला मारलात की चेंडू वाऱ्याच्या मालकीचा.

आमचे बंधू खेळले ते छावणीतल्या झाडांच्या मैदानांवर. सवय उंच टोल्याची. शिवाय वय अडुसष्ट आणि एक गुडघा बदललेला. टणक, उंचसखल जमिनीवर वाऱ्याशी झुंजत सलग चार दिवस? मला हे पटत नाही.

पुतण्या म्हणतो, "काका, स्कॉटलंडला जाऊन लिंक्स नाही तर काय खेळायचं?" अरे, खेळा की! सेंट अँड्र्यूजचं ओल्ड कोर्स हवंच, तिकीट मिळालं तर. नॉर्थ बेरिकही ठेवा. तिथे तेराव्या होलला हिरवळीच्या आड चक्क दगडी गडगा येतो, आपल्या कोकणातल्यासारखा. पण उरलेल्या दोन दिवसांत एकदा ब्लेअरगाउरीचं रोझमाउंट बघा. तिथे पाइन, बर्च आणि हेदरची झुडपं. वारा झाडं अडवतात. आणि एक दिवस एडिंबरोजवळच्या डॅलमहॉयला, जुन्या वाड्याभोवतालच्या बागेसारख्या मैदानावर. तिथे त्याला घरच्यासारखं वाटेल.

नावं टीव्हीवर दिसतात, माती दिसत नाही. आणि असा प्रवास त्याच्या गुडघ्याला पुन्हा जमेल की नाही, कोण जाणे.

असो. विंडचीटर मात्र ने रे. छत्री नको, तिथल्या वाऱ्यात उलटी होते.