उन्हाळ्यातील ऑर्किड : पाण्याचा हिशेब

एप्रिल उजाडला की ओळखीच्या घरांतून एकच प्रश्न येऊ लागतो : “साहेब, ऑर्किडला उन्हाळ्यात किती दिवसांनी पाणी घालायचं?” लग्नकार्यात, दुकानाच्या उद्घाटनाला किंवा निवृत्तीच्या समारंभात हल्ली पुष्पगुच्छाऐवजी ऑर्किडची कुंडी भेट देण्याची पद्धत पडली आहे. त्यामुळे ज्या घरांत आजवर तुळस, मोगरा आणि कोरफड यांपलीकडे काही नव्हते, तेथेही जांभळ्या-पांढऱ्या फुलांची एखादी फॅलेनोप्सिस दिवाणखान्यात येऊन बसली आहे. विचारणाऱ्यास एक आकडा हवा असतो. रोज, एक दिवसाआड, आठवड्यातून दोनदा, असा काही तरी. आकड्यांत आयुष्य गेलेल्या मजसारख्या माणसाने तो चटकन द्यावा अशी अपेक्षाही असते. परंतु याच आकड्याच्या नादात मी एक चांगले झाड स्वहस्ते मारले आहे, म्हणून प्रथम ती हकीकत सांगतो.

आमच्या कन्येने महाविद्यालयात असताना एक फॅलेनोप्सिस आणली होती. तीन वर्षे तिने ती सांभाळली आणि तिन्ही वर्षे तिला फुले आली. पुढे नोकरीनिमित्त ती बंगळुरूला गेली, तेव्हा कुंडी माझ्या स्वाधीन करताना एवढेच म्हणाली, “बाबा, फार पाणी घालू नका.” आता ‘फार’ म्हणजे किती, हे काही तिने सांगितले नाही. बँकेत ‘फार’ हा शब्द कोणत्याही परिपत्रकात चालत नाही. मी आपला नियम केला : रोज सकाळी सात वाजता एक पेला. त्याची वहीत नोंदही ठेवली. सोलापूरचा उन्हाळा, पारा चाळिशीच्या वर. महिनाभरात पाने मऊ पडून लोंबू लागली. मला वाटले, बिचारी तहानली. म्हणून सायंकाळचा एक पेला वाढवला. पंधरा दिवसांनी पान जरा सरळ करावे म्हणून हात लावला, तर मधला शेंडाच हातात आला.

कुंडी उपडी केली तेव्हा खरा प्रकार कळला. मुळे तपकिरी व पोकळ झाली होती. चिमटीत धरून ओढले की वरचे आवरण मोज्यासारखे निघून यावे आणि आत नुसता दोरा राहावा. झाड पाण्यात उभे राहून तहानेने मेले होते. मुळेच कुजल्यावर पाणी वर चढणार कसे? पाणी कमी पडले तरी पाने लोंबतात आणि पाणी अधिक झाले तरी पाने लोंबतात. केवळ पानांकडे पाहून जो निर्णय घेईल, तो माझ्यासारखा दुसरा पेला ओतेल. मुलीला दूरध्वनीवर सांगितले तेव्हा ती क्षणभर काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “असू दे बाबा.” ती रागावली असती तर बरे वाटले असते.

वस्तुतः या वनस्पतीचा स्वभाव मला कळायला हवा होता, कारण मी तो पाहिला होता. नोकरीच्या काळात चार वर्षे कोकणातील एका शाखेत होतो. तेथे मे महिन्याच्या अखेरीस रस्त्याकडेच्या आंब्या-फणसांच्या फांद्यांवरून गुलाबी-पांढऱ्या फुलांचे घोस लोंबताना दिसत. तीच सीतेची वेणी, आपल्याकडील एक देखणी आमरी. आसामात बिहूच्या सणाला स्त्रिया हेच फूल केसांत माळतात. त्या फांदीवर ना माती, ना कुंडी, ना झारी. मुळे सालीला चिकटलेली आणि काही तर हवेतच मोकळी. सर आली की भिजायचे आणि वारा सुटला की तासा-दोन तासांत कोरडे व्हायचे, एवढाच तिचा क्रम. आपण घरी ठेवतो त्या बहुतेक ऑर्किडांचे पूर्वज असेच झाडांवर राहणारे. ती झाडाचा रस शोषत नाहीत, फक्त आधार घेतात. (ही जंगलातील झाडे कोणी फांदीवरून ओरबाडून आणू नयेत. ती घरी क्वचितच जगतात आणि जंगलातून मात्र कायमची जातात.)

अशा मुळांवर टिपकागदासारखा एक पांढरट थर असतो. त्यास शास्त्रीय भाषेत व्हेलामेन म्हणतात. पाणी मिळताच तो ते टिपून घेतो आणि आतील हिरवा रंग बाहेर दिसू लागतो. वाळला की पुन्हा चंदेरी होतो. अर्थात, मूळ हिरवे असेल तर पाणी आहे, आणि चंदेरी झाले असेल तर पाणी द्यावयाचे. फॅलेनोप्सिस बहुधा पारदर्शक प्लास्टिकच्या कुंडीत येते, त्यामुळे बाहेरची शोभेची कुंडी काढली की हे सारे डोळ्यांना दिसते. मी सहा आठवड्यांत ती एकदाही काढून पाहिली नव्हती! भेट मिळालेल्या कुंड्यांत हाच मोठा धोका असतो. बाहेरच्या चिनी मातीच्या कुंडीला खाली छिद्र नसते, पाणी तळाशी साचते आणि वरून मात्र सारे कोरडे भासते.

दुसरी कसोटी मला आमच्या एका स्नेह्यांनी शिकवली. त्यांचे बाजार समितीत भुसाराचे दुकान आहे. मुलीने दिवाळीत नवीन दोन रोपे आणून दिली होती. ती पाहायला शेठजी घरी आले असता मी सवयीने झारी उचलली. त्यांनी एका हाताने कुंडी उचलली, दुसऱ्या हाताने शेजारची उचलली आणि म्हणाले, “साहेब, ही ओली आहे. हिला आज नको, तिला द्या.” पोते उचलून तूर ओली की वाळलेली हे सांगणाऱ्या हाताला कुंडीचे वजन काय कठीण! पाणी दिल्यावर निथळलेली कुंडी एकदा हातात घेऊन ते वजन ध्यानात ठेवावे, आणि मग रोज सकाळी नुसती उचलून पाहावी. सोडणाचे तुकडे वाळले की कुंडी इतकी हलकी लागते की नवख्यालाही फरक कळतो. व्यापारी घरांतील वाचकांना ही विद्या वेगळी शिकवण्याची गरज नाही. शंका असेल तर बांबूची एक काडी तळापर्यंत खोवून दहा मिनिटांनी काढावी. ती ओलसर निघाली तर थांबावे.

तरीही अंदाजासाठी आकडे लागतातच, म्हणून माझ्या घरचे सांगतो. फॅलेनोप्सिस सालीच्या किंवा सोडणाच्या तुकड्यांत, प्लास्टिकच्या कुंडीत असेल, तर एप्रिल-मे मध्ये तीन ते पाच दिवसांनी पाणी लागते. तेच रोप शेवाळात, म्हणजे स्फॅग्नम मॉसमध्ये घट्ट बसवलेले असेल तर सात-आठ दिवसही ओल टिकते. नर्सरीतून आलेली अनेक रोपे अशीच असतात आणि त्यांनाच रोज पाणी घातले जाते. डेंड्रोबियमची गोष्ट निराळी. त्याच्या उसासारख्या जाड कांड्यांत पाण्याचा साठा असतो, पण उन्हाळा हा त्याच्या वाढीचा काळ. मातीच्या जाळीदार कुंडीत कोळसा आणि विटांच्या तुकड्यांत लावलेले आमचे डेंड्रोबियम मे महिन्यात रोज सकाळी पाणी घेते आणि कोरडेही होते. कॅटलियाला मात्र दोन पाण्यांच्या मध्ये पूर्ण वाळू द्यावे. व्हॅन्डा टोपलीत नुसत्या मुळांवर लोंबत असते. तिला मुळे पूर्ण हिरवी होईपर्यंत रोज भिजवावे लागते, आणि कडक उन्हाळ्यात दुपारपूर्वी पुन्हा एकदा. ज्यांना रोज एवढा वेळ नाही त्यांनी व्हॅन्डा घेऊ नये, हे माझे स्पष्ट मत.

हे आकडे सोलापूरचे आहेत. येथे एप्रिलच्या दुपारी हवेत ओल जेमतेम 20-25 टक्के उरते. मुंबईत वा रत्नागिरीत तीच 60 टक्क्यांच्या वर असते, तेथे कुंडी दुप्पट वेळ ओली राहील. त्याच घरातही पंख्याखालची कुंडी आणि कपाटाआडची कुंडी यांचा हिशेब एक नसतो. कन्येचे बंगळुरूचे वेळापत्रक आणि माझे सोलापूरचे कधीच जुळले नाही, याचे कारण हेच.

पाणी कसे द्यावे, यालाही तितकेच महत्त्व आहे. पेलाभर ओतून भागत नाही. त्याने वरचे तुकडे भिजतात आणि तळाची मुळे कोरडी राहतात. कुंडी बादलीत दहा मिनिटे गळ्यापर्यंत बुडवावी किंवा खालून भरपूर वाहून जाईतो पाणी घालावे, आणि पूर्ण निथळल्याशिवाय जागेवर ठेवू नये. वेळ सकाळची. फॅलेनोप्सिसच्या शेंड्यातील पानांच्या बेचक्यात पाणी राहिले तर रात्रीतून कूज धरते. राहिलेच तर कापसाने टिपून घ्यावे. आणखी एक गोष्ट : गच्चीवरील काळ्या टाकीतले दुपारचे पाणी हाताला सोसत नाही, ते मुळांना कसे सोसेल? मी आदल्या रात्री बादली भरून स्वयंपाकघरात ठेवतो.

आता काटकसरीविषयी. आपल्या घरांत पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर पडणारे पाणी टाकून न देता झाडांना घालतात. काटकसर स्तुत्य आहे, परंतु त्या पाण्यात मूळ पाण्यातील क्षार आणखी दाट होऊन उतरलेले असतात. फरशी पुसायला ते उत्तम, ऑर्किडला विषासमान. मुळांची टोके काळी पडणे आणि कुंडीच्या काठावर पांढरी खपली धरणे ही त्याची लक्षणे. बोअरचे जड पाणीही असेच. शक्य तर यंत्रातील शुद्ध पाणी निम्मे आणि नळाचे निम्मे मिसळावे. मृगाच्या पहिल्या सरीनंतर छत धुऊन निघाले की पावसाचे पाणी दोन-चार पिंपे भरून, झाकून ठेवावे. त्यासारखे दुसरे नाही. खत घालत असाल तर महिन्यातून एकदा नुसत्या साध्या पाण्याने कुंडी चांगली धुऊन काढावी. कोरड्या मुळांवर खत तर कधीच नको.

दुपारी पाने गरम लागली तर पाणी न वाढवता सावली वाढवावी. गच्चीवर 50 टक्क्यांची हिरवी जाळी डेंड्रोबियमला पुरते. फॅलेनोप्सिसला त्याहूनही अधिक आडोसा हवा. कूलरच्या खोलीत, पण झोताच्या समोर नव्हे, अशी जागा मिळाली तर उत्तम. पसरट ताटात खडे व पाणी घालून कुंडी त्या खड्यांवर ठेवली तर भोवतीची हवा थोडी ओलसर राहते. कुंडीचा तळ मात्र पाण्याला टेकता कामा नये.

राहिला सुटीचा प्रश्न. मे महिन्यात घरे बंद होतात आणि झाडे दुकानातल्या मुलाकडे सोपवली जातात. तो मुलगा प्रामाणिक असतो, म्हणूनच रोज पाणी घालतो. आठवडाभराचा प्रवास असेल तर फॅलेनोप्सिस निघायच्या दिवशी नीट भिजवून, निथळून, घरातील सर्वांत गार व अंधूक खोलीत ठेवावी आणि कोणालाही काही सांगू नये. व्हॅन्डा आणि मातीच्या कुंडीतले डेंड्रोबियम मात्र तसे राहणार नाहीत, त्यांना माणूस लागतो.

येत्या 10 मे रोजी आम्ही उभयता बारा दिवसांसाठी कन्येकडे जात आहोत. मी वेळापत्रक लिहून देतो म्हटले, तर शेठजी हसून म्हणाले, “कागद राहू द्या साहेब, किल्ली द्या.” दुकान उघडण्यापूर्वी एक दिवसाआड येऊन ते कुंड्या उचलून पाहणार आहेत. डेंड्रोबियम मात्र त्यांनी आताच आपल्या घरी नेले आहे, कारण ते रोज लागते.