'आपलेच' खेळणार असतील तर माझी वर्गणी नाही

गेल्या रविवारी माणच्या टर्फवर पोरांनी वर्गणी मागितली. रात्रीच्या फुटबॉल मॅचेस, आठ संघ आणि अट एकच : खेळणारे सगळे 'आपलेच' हवेत. मी पैसे दिले नाहीत. भाचा चिडला. "मामू, तेही त्यांच्याच पोरांची लीग घेतात ना! आणि मोहम्मडन स्पोर्टिंग काय होती मग?" असं म्हणत त्याने मोबाइलवर आलेला फॉरवर्ड दाखवला : १९४० साली मुसलमानांनी गोऱ्यांच्या पलटणीला हरवलं. त्याच ग्रुपवर खाली एका शहाण्याने लिहिलं होतं, 'हो, तिथूनच पाकिस्तान सुरू झालं.'

दोघांनीही तो इतिहास नीट वाचलेला नाही.

ड्युरँड चषक १८८८ साली सिमल्यात सुरू झाला. १९४० साली तो पहिल्यांदा दिल्लीत आला. त्यानंतर आधी युद्ध, मग फाळणी. स्पर्धा थेट १९५० सालीच पुन्हा भरली. म्हणजे १२ डिसेंबर १९४० ची आयर्विन अ‍ॅम्फिथिएटरवरची फायनल ही खंड पडण्याआधीची शेवटची. त्या दिवशी मोहम्मडन स्पोर्टिंगने रॉयल वॉरविकशायर रेजिमेंटला २-१ ने हरवलं. तोवर एकाही भारतीय संघाने हा चषक जिंकला नव्हता. शिटी होती कॅप्टन हरनामसिंग यांच्या हातात. ड्युरँडच्या फायनलला भारतीय पंच असण्याचीही ती पहिलीच वेळ. फॉरवर्डमध्ये हे सरदारजी कुठेच नाहीत, हे मला विशेष वाटलं.

त्याच वर्षी मुंबईत कूपरेजवर रोव्हर्स चषकाची फायनल मोहम्मडन स्पोर्टिंग आणि बंगलोर मुस्लिम्स यांच्यात झाली. नावं दोन्ही मुस्लिम. पण त्या फायनलपर्यंत कुणालाही येता येत होतं. समोर येईल त्याच्याशी खेळायचं, गोरा असो की काळा. कलकत्ता लीग मोहम्मडनने १९३४ ते १९३८ सलग पाच वर्षं जिंकली, तीही खुल्या मैदानातच.

आता त्याच डिसेंबरातलं मुंबईचं क्रिकेट बघा. पंचरंगी सामन्यांत हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि 'इतर' असे संघ. तिथे स्पर्धेची मांडणीच धर्मावर. तुम्ही कुणाकडून खेळणार हे जन्मानेच ठरलेलं. गांधीजींनी त्या महिन्यात या सामन्यांना विरोध केला आणि हिंदू संघ त्या वर्षी उतरला नाही. गांधीजींचं बरोबर होतं, असं मी मानतो. अब्बांना ते पटायचं नाही, ते पंचरंगीच्या आठवणीत रमायचे.

तर पोरांनो, तुम्ही मोहम्मडनचं नाव घेऊन पंचरंगी भरवताय. संघाचं नाव काहीही ठेवा, हरकत नाही. मैदानाच्या दारात नाव विचारू नका. 'ते करतात' हे खरंय, आणि त्यांचंही चूकच आहे. पण त्यांनी आपल्याला दाराबाहेर ठेवलं म्हणून आपणही दाराला कडी घालायची, ही कुठली अक्कल?

१९५० साली ड्युरँड पुन्हा सुरू झाला तेव्हा तो हैदराबाद पोलिसांनी जिंकला. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. याच रहीमसाहेबांनी १९६२ साली जाकार्तात भारताला एशियाडचं सुवर्ण मिळवून दिलं. संघाचा कप्तान चुनी गोस्वामी, गोलात पीटर थंगराज, आणि फायनलला डोक्याला पट्टी बांधून गोल मारणारा जर्नेलसिंग. रहीमसाहेबांनी 'आपलेच' निवडले असते तर फायनल कुणाच्या जिवावर खेळले असते?

भाच्याला मी सांगितलंय, नावनोंदणीच्या कागदावरची ती ओळ खोडा, हिंजवडीच्या, म्हाळुंग्याच्या सगळ्या पोरांना बोलवा, मग वर्गणी दुप्पट घेऊन जा. तो अजून आलेला नाही. पैसे बाजूला काढून ठेवलेत.