वणीचा कोळसा, विजेची गाडी

विजेवर चालणाऱ्या मोटारी पेट्रोलच्या मोटारींना हद्दपार करतील काय, हा प्रश्न हल्ली लग्नाच्या पंगतीतही विचारला जातो. विचारणाऱ्याला बहुधा ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर हवे असते. कारण दसऱ्याला गाडी घ्यायचे घरात ठरलेले असते आणि मुलगा एक सांगतो, जावई दुसरेच सांगतो. माझी बँकेतली नोकरी कर्जाच्या कागदांत गेली आणि उरलेला वेळ कादंबऱ्यांत. दोन्हीकडे मी एक गोष्ट शिकलो. माणूस वाहन घेतो तेव्हा तो केवळ वाहन घेत नाही. पुढच्या पाच-सात वर्षांच्या आपल्या कमाईविषयी तो एक अंदाज बांधत असतो. तो अंदाज यवतमाळात बसून कसा दिसतो, तेच येथे सांगायचे आहे.

आधी एक भ्रम दूर केला पाहिजे. विजेची गाडी ही काही नवलाई नव्हे. 1899 साली ताशी शंभर किलोमीटरचा वेग प्रथम ओलांडला तो विजेच्याच गाडीने. 1900 च्या सुमारास अमेरिकेच्या रस्त्यांवर धावणाऱ्या मोटारींपैकी जवळजवळ एक तृतीयांश विजेच्या होत्या. खुद्द हेन्री फोर्डच्या पत्नी क्लारा ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ चालवीत असत! पेट्रोलची गाडी सुरू करायला तेव्हा पुढे उभे राहून लोखंडी हँडल फिरवावे लागे, आणि ते उलटे फिरले तर मनगट मोडे. 1912 साली चार्ल्स केटरिंग यांचा सेल्फ-स्टार्टर कॅडिलॅकमध्ये आला, फोर्डने मोटार स्वस्त केली, तेल मुबलक झाले आणि विजेची गाडी अडगळीत गेली. आपल्याकडे मुंबईची विजेची ट्राम 1907 मध्ये सुरू झाली आणि 1964 मध्ये बंद पडली. म्हणजे शर्यत एकदा होऊन गेली आहे, आणि ती पेट्रोलने जिंकली होती.

आमच्या जिल्ह्याचा अनुभव याहून बोलका आहे. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही 113 किलोमीटरची अरुंद लोहमार्गाची ‘शकुंतला’ वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे आणि तेथून मँचेस्टरला धाडण्यासाठी गोऱ्यांच्या खाजगी कंपनीने टाकली. तिचे वाफेचे इंजिन 1994 च्या एप्रिलपर्यंत धावत होते. साऱ्या जगात वाफ कालबाह्य झाली, तरी आमच्याकडे ती टिकली. कारण ते बदलण्यासाठी पैसा घालायला कोणी तयार नव्हते. मग डिझेलचे इंजिन आले. लोकांना वाटले, आता गाडीचे दिवस पालटले. पण शकुंतलेचा पराभव वाफेने केला नव्हता आणि डिझेलने तिचा उद्धारही झाला नाही. तिला हरवले ते एस.टी.ने आणि काळ्या-पिवळ्या जीपने. कारण त्या माणसाला त्याच्या फाट्यावरून, त्याच्या सोयीच्या वेळी उचलत होत्या. आता रुळांत गवत आहे.

आणि बंडी? यवतमाळच्या जिनिंगसमोर हंगामात जाऊन उभे राहावे. ट्रॅक्टर, टेम्पो यांच्या रांगेत कापसाने भरलेली बैलबंडी आजही दिसते. फरक एवढाच, की लाकडी चाकांच्या जागी टायर आले. आपल्याकडे नवे वाहन जुन्याला घालवीत नाही, त्याच्या शेजारी येऊन उभे राहते. म्हणून ‘हद्दपार’ हा शब्दच मला या चर्चेत खटकतो.

मग प्रत्यक्षात काय घडते आहे? 2024-25 या आर्थिक वर्षात देशात विकल्या गेलेल्या एकूण वाहनांपैकी विजेची वाहने पावणेआठ टक्क्यांच्या आसपास होती. पण या आकड्याचे पोट फाडून पाहिले पाहिजे. तीनचाकींमध्ये निम्म्याहून अधिक गाड्या विजेच्या होत्या, दुचाकींत सुमारे सहा टक्के, आणि मोटारींत जेमतेम अडीच. नॉर्वेत 2024 साली विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळजवळ नऊ विजेच्या होत्या. तेथे हा बदल श्रीमंताच्या पोर्चमधून सुरू झाला. आपल्याकडे तो रिक्षास्टँडवरून सुरू झाला आहे. पाश्चात्त्य मासिके वाचून आपल्या भविष्याविषयी लिहिणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही.

असे का, हे समजण्यासाठी थोडी आकडेमोड करू. कंटाळू नका, बँकेतली सवय आहे.

पेट्रोल लिटरला शंभराच्या पुढे आहे. आपण 105 रुपये धरू. एक शिक्षक यवतमाळात राहतो आणि पंधरा किलोमीटरवरच्या गावी शाळेत जातो. रोजचे तीस किलोमीटर, महिन्याचे साडेसातशे. पेट्रोलच्या स्कूटरला शंभर किलोमीटरला सुमारे 220 रुपये लागतात. विजेच्या स्कूटरला साडेतीन युनिट. घरगुती वीज अकरा रुपयांनी धरली तरी चाळीस रुपयांच्या आत. सुट्या वजा जाता वर्षाला तेरा-साडेतेरा हजार वाचतात. दोन्ही स्कूटरच्या किमतीत पंचवीस हजारांचा फरक असेल तर तो दोन वर्षांत वसूल होतो. असा प्रस्ताव टेबलावर आला असता तर मी डोळे मिटून सही केली असती.

आता मोटार पाहा. त्याच शिक्षकाचे कुटुंब मोटारीने वर्षाला सहा हजार किलोमीटर फिरते: सासर-माहेर, माहूरचे दर्शन, नागपूरचा दवाखाना. पेट्रोलवर शंभर किलोमीटरला सातशे रुपये, घरी भरलेल्या विजेवर सुमारे एकशे पासष्ट. वर्षाची बचत बत्तीस हजार. मात्र विजेची मोटार त्याच तोलाच्या पेट्रोल मोटारीपेक्षा साडेतीन लाखांनी महाग पडली, तर त्या जादा रकमेवर नऊ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचे व्याजच तीस हजारांच्या आसपास जाते. म्हणजे वाचलेले पेट्रोल बँकेने पिऊन टाकले! वर्षाला चाळीस हजार किलोमीटर पळवणाऱ्या टॅक्सीवाल्याचे गणित अगदी निराळे. तो बाहेरच्या चार्जरवर युनिटला वीस रुपये मोजूनही वर्षाला दीड लाखाच्या वर वाचवील. जो अधिक धावतो त्याला वीज परवडते. मध्यमवर्गीयाची मोटार मात्र बहुतेक दिवस घरासमोर झाकण घालून उभी असते.

त्यातच 22 सप्टेंबर 2025 पासून लहान पेट्रोल मोटारींवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला. विजेच्या गाड्यांवर तो 5 टक्केच आहे, तरी अंतर कमी झाले. विजेच्या गाडीच्या कर्जावरील व्याजाला प्राप्तिकरात मिळणारी दीड लाखांपर्यंतची वजावट 31 मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. दुचाकींवरचे केंद्राचे अनुदान 2021 मध्ये बॅटरीच्या प्रत्येक किलोवॅट-तासामागे पंधरा हजार होते, 2023 मध्ये दहा झाले, 2024 मध्ये पाच. दुसरीकडे पेट्रोलच्या किमतीत केंद्राचे शुल्क आणि राज्याचा व्हॅट यांचा वाटा फार मोठा आहे. उद्या सगळे विजेवर गेले तर हा महसूल सरकार सोडून देईल, असे समजणारा माणूस भाबडा म्हटला पाहिजे. महाराष्ट्रात घरगुती विजेवर सोळा टक्के विद्युत शुल्क आजही आहेच. तेव्हा आजची बचत काही प्रमाणात करांच्या फरकाची बचत आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

पण माणसे केवळ हिशेबावर गाडी घेत नाहीत. आमच्या भागातला एक ई-रिक्षावाला मला म्हणाला, “साहेब, पेट्रोलची गाडी बंद पडली त मेकॅनिक गल्लीत भेटते. हिची बॅटरी गेली त मी कोठी जाऊ?” त्याची पहिली बॅटरी शिशाची होती; दीड वर्षात बसली. नवीसाठी त्याने बायकोच्या बचत गटातून कर्ज काढले. त्याच्या एका वाक्यात बँकेची सगळी अडचण आली. कर्ज देताना आम्ही पाहायचो ते एवढेच, की हप्ते थकले आणि गाडी ओढून आणली तर लिलावात किती येतील. पाच वर्षे वापरलेल्या पेट्रोल मोटारसायकलची किंमत पुसदच्या बाजारातला पोरगाही सांगेल. पाच वर्षे वापरलेल्या विजेच्या गाडीत किंमत उरते ती बॅटरीची, आणि बॅटरी तर बंद पेटी. आत किती जीव आहे हे बाहेरून दिसत नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा 44-45 पर्यंत जातो. उष्णतेने बॅटरी लवकर झिजते, हे तर शास्त्रच सांगते.

आणखी एक गोष्ट येथल्या प्रत्येक कुटुंबाला ठाऊक आहे. रात्री बारा वाजता म्हाताऱ्याच्या छातीत कळ आली आणि डॉक्टर म्हणाले “नागपूरला न्या”, की दीडशे किलोमीटर जायचे असते. त्या क्षणी गाडीत चार्ज किती आहे, हे पाहत बसायला कोणालाच आवडणार नाही. पेट्रोल पाच मिनिटांत भरता येते. महामार्गांवर दर पंचवीस किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे राज्याच्या 2025 च्या धोरणात आहे, आणि समृद्धी महामार्गावर विजेच्या मोटारींना टोलमाफीही आहे. समृद्धी मात्र आमच्या जिल्ह्याच्या वरून, वर्धा-अमरावतीतून निघून गेला. यवतमाळकराला त्या टोलमाफीसाठी आधी जिल्ह्याबाहेर जावे लागते!

आता त्या मुद्द्याकडे येतो, ज्याबद्दल जाहिरातींत एक अक्षर नसते. या गाडीला ‘स्वच्छ’ म्हणतात. वीज कोठून येते? महाराष्ट्रात ती आजही मुख्यतः कोळशातून येते. आणि कोळसा? तो आमच्या वणीतून निघतो. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी तेथे आहेत. पलीकडे चंद्रपूरला 2920 मेगावॅटचे औष्णिक केंद्र उभे आहे. पुण्यातल्या गल्लीतून विजेची स्कूटर आवाज न करता निघून जाते तेव्हा तिचा धूर चंद्रपूरच्या चिमणीतून निघालेला असतो आणि तिची धूळ वणी-घुग्घुसच्या रस्त्याकाठच्या पांढऱ्या कापसावर बसलेली असते. काळवंडलेल्या कापसाला व्यापारी भाव पाडून मागतो, ही त्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याची जुनी तक्रार आहे.

याचा अर्थ विजेची गाडी ढोंग आहे, असा मात्र नाही. पेट्रोलचे इंजिन जाळलेल्या इंधनातली तीन चतुर्थांश शक्ती उष्णतेतच घालवते. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. देशाच्या विजेच्या जाळ्यात एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो. त्या हिशेबाने पेट्रोलची स्कूटर शंभर किलोमीटरला पाच किलोच्या जवळ जाते, विजेची अडीच किलोवर थांबते. कोळशावर चालूनही निम्मे! बॅटरी बनवतानाचा भार वेगळा, पण रोज चालणारी गाडी तो फेडून टाकते. प्रश्न इतकाच उरतो, की शहराने वाचवलेला धूर ज्याच्या वाट्याला आला, त्याच्या हाती काय पडले? या जिल्ह्यातला शेतकरी रब्बीत रात्री मोटार चालू करायला बिबट्याच्या नि वाघाच्या भीतीने काठी आपटत जातो, कारण वीज रात्रीच येते. दिवसाची वीज देण्यासाठी सौर कृषिवाहिनी योजना निघाली आहे. ती नीट उभी राहिली तर दुपारचे ऊन पंपालाही पुरेल आणि शाळेच्या आवारात उभ्या मास्तरांच्या स्कूटरलाही. तेव्हा मी ‘स्वच्छ’ हा शब्द बिनदिक्कत वापरीन.

बॅटरीचा दुसरा पदर परदेशात आहे. तेलासाठी आपण अरबांकडे पाहत होतो. लिथियम, कोबाल्ट आणि मोटरमधले चुंबक यांच्यासाठी आता चीनकडे पाहावे लागते. एप्रिल 2025 मध्ये चीनने दुर्मिळ मृदा धातूंच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि काही महिन्यांतच पुण्याजवळ तयार होणाऱ्या विजेच्या ‘चेतक’चे उत्पादन घटले. ज्या चेतकसाठी आमच्या पिढीने वर्षानुवर्षे नंबर लावले, ती 2020 मध्ये विजेवर परत आली. 1972 ची लूनाही 2024 मध्ये ई-लूना होऊन आली. ग्रामसेवक, पोस्टमन, दूधवाला यांची ती गाडी होती; आणि याच लोकांना आज वीज सर्वांत जास्त परवडते. मोटारींच्या दालनात हा बदल शोधणाऱ्यांनी या दोन गाड्यांकडे पाहावे.

एस.टी.कडेही पाहावे. 1 जून 1948 रोजी पहिली एस.टी. पुणे-नगर मार्गावर धावली आणि 1 जून 2022 रोजी विजेची ‘शिवाई’ त्याच मार्गावर सुरू झाली. पुढे 5,150 विजेच्या बसचा करार झाला, पण गाड्या ठरल्या वेळेत आल्या नाहीत. माझ्या मते सर्वसामान्य कुटुंबाच्या दृष्टीने खरा फायदा येथेच होता. आगारात रात्रभर उभी राहणारी, ठरल्या मार्गावर रोज तेवढेच किलोमीटर जाणारी बस हे विजेसाठी सर्वांत योग्य वाहन. मोटारमालकाला सवलत देण्याआधी उमरखेड-पुसद-यवतमाळच्या प्रवाशांना चांगली बस दिली असती, तर निम्म्या घरांना मोटारीचा विचारच करावा लागला नसता.

तेव्हा दसऱ्याचा मुहूर्त धरणाऱ्यांना माझे सांगणे असे. रोज वीस-पंचवीस किलोमीटरच्या वर ये-जा असेल, घरात चार्जिंगला जागा असेल, तर दुचाकी विजेचीच घ्या. पेट्रोलची घेण्यात आता शहाणपण नाही. एकच मोटार घ्यायची असेल आणि ती कर्जाने घ्यायची असेल, तर अजून तीन-चार वर्षे पेट्रोलची चालू द्या किंवा जुनी वापरा. तोवर किमतींचे अंतर आणि नागपूरच्या रस्त्यावरचे चार्जर, दोन्हींचा अंदाज येईल. गाडी कोणतीही घ्या, पण विजेची असेल तर विक्रेत्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या: बॅटरीची हमी किती वर्षांची, हमी संपल्यावर नव्या बॅटरीची आजची किंमत किती, आणि ती बसवून देणारे दुरुस्ती केंद्र यवतमाळात आहे की नागपुरात.